निर्मात्यांचं राखीव

आमच्या निर्मात्यांइतका भित्रा माणूस गोदावरीच्या दोन्ही काठांवर सापडणार नाही. हे विधान मी जबाबदारीने करतो आहे. पुराचं पाणी पायरीला लागलं तरी पंचवटीत दुकान उघडं ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. सोसायटीत बिबट्या शिरल्याची बातमी ऐकून आधी दूध आणायला खाली उतरणारे पाहिले आहेत. आणि स्वच्छ कोरड्या दुपारी, सगळं सुरळीत चाललेलं असताना, खुर्चीच्या कडेवर बसून "काहीतरी राहिलंय" असं म्हणणारे आमचे निर्माते पाहिले आहेत. शहराच्या केबल वाहिनीवर दर रविवारी सकाळी लागणारं 'आठवडाभर' नावाचं अर्ध्या तासाचं बातम्यांचं साप्ताहिक त्यांनी वीसेक वर्षं चालवलं. एवढ्या काळात एकही रविवार चुकला नाही. धीट माणसाच्या हातून हे झालं नसतं असं माझं मत आहे. मी त्या कार्यक्रमाचं लेखन करत असे. म्हणजे निवेदिकेने काय बोलायचं ते मी लिहायचो आणि निर्माते खोडायचे.

कार्यक्रमाचा साचा त्यांनी पहिल्या रविवारी ठरवला आणि पुढे त्याला बोट लावू दिलं नाही. सुरुवातीला आठवड्याच्या घडामोडी. मग 'मुख्य गोष्ट': गारपिटीने झोपलेल्या द्राक्षबागा, कांद्याचा भाव, सिंहस्थाची कामं, असा एखादा विषय खोलात जाऊन. त्यानंतर वेताच्या खुर्चीत पाहुणा. पाहुण्यानंतर 'फेरफटका', म्हणजे एखाद्या गावातून नाहीतर गल्लीतून हिंडणारा कॅमेरा. शेवटी नदीचं एक संथ दृश्य, त्यावर निवेदन नाही, फक्त आमची नावं वर सरकत जायची. नवा आलेला प्रत्येक तरुण वार्ताहर या साच्यात बदल सुचवायचा. निर्माते लक्षपूर्वक ऐकायचे आणि विचारायचे, "रविवारी पोह्यांत काय असणार ते तुम्हाला आधीच माहीत असतं ना? तरी खाता ना?" मग त्याला वाईट वाटू नये म्हणून निर्माते म्हणायचे, "तुमची कल्पना चांगली आहे. राखीव ठेवू."

राखीव हा त्यांचा मूळ शब्द. त्याचा उगम कार्यक्रमाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत आहे. तेव्हा आमचा स्टुडिओ पंचवटीत, भाजीबाजाराजवळच्या एका कापड दुकानाच्या माडीवर होता. तिथे टोमॅटोवाल्याची आरोळी आणि देवळातली घंटा यांच्या मधल्या शांततेत बोलणं उरकायचं, हे निवेदिकेचं मुख्य कौशल्य. एका रविवारी यंत्रात टेप अडकली आणि पडदा काळा झाला. तो किती वेळ काळा होता याबद्दल मतभेद आहेत. कॅमेरामन म्हणतो, शिंक यायला लागते तेवढा वेळ. निर्माते म्हणतात, एक युग. शहरात कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. त्या काळी लोडशेडिंग असायचं, लोकांना वाटलं वीज गेली. निर्मात्यांच्या सासूबाईंनी तेवढा फोन केला, "जावईबापू, तुमच्याकडे दिवे आहेत का?" पण त्या काळ्या पडद्यात निर्मात्यांना जे काही दिसलं ते पुढे आयुष्यभर दिसत राहिलं. त्या दिवसापासून त्यांनी प्रत्येक गोष्टीच्या मागे दुसरी गोष्ट उभी करायला सुरुवात केली.

ते दोन छत्र्या घेऊन फिरत, एक उघडायची आणि एक उघडली नाही तर. खिशात दोन चष्मे असत, आणि ते शोधायला तिसरा घरी. मोबाईल दोन होते. दुसऱ्याचा नंबर ते "पहिला लागला नाही तर" असं सांगून देत. पहिला न लागण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असे की ते त्यावरून दुसरा चालू आहे का ते तपासत असत. कार्यक्रमाला एक राखीव निवेदिका होती. दर शनिवारी ती रंगभूषा करून, साडीच्या निऱ्या नीट करून कोपऱ्यात बसायची. तिथे बसून तिने एम.ए. पूर्ण केलं, लग्न ठरवलं, दोन मुलांचे स्वेटर विणले आणि एकदाही कॅमेऱ्यासमोर गेली नाही. पाहुणेही दोन बोलावले जात. एक खुर्चीत, दुसरा बाजूच्या खोलीत, चहाची किटली आणि वर्तमानपत्र यांच्या स्वाधीन. त्याला सांगितलं जाई, "तुमचा नंबर बहुतेक पुढच्या आठवड्यात." एकदा गडबडीत दोन राखीव पाहुणे आले, एक निवृत्त मुख्याध्यापक आणि एक द्राक्ष बागायतदार. ते त्या खोलीत इतका वेळ बसले की मुख्याध्यापकांची मुलगी बागायतदारांच्या घरी पडली. लग्नात निर्मात्यांना मानाचा फेटा बांधला. त्यांनी तो बांधून घेतला आणि हळूच विचारलं, "आणखी एक आहे का?"

त्यांचं स्वतःचं लग्न कार्यक्रमाच्या आधीचं. म्हणजे हा स्वभाव टेप अडकण्याच्या आधीपासूनचा असावा, असा पुरावा वहिनींकडे आहे. लग्नाला यांनी दोन भटजी ठरवले होते. दुसरे भटजी मांडवाच्या दाराशी दक्षिणेची वाट पाहत बसले होते. वहिनी हे सांगताना दर वेळी पुढे म्हणायच्या, "नशीब माझं, नवरी राखीव ठेवली नव्हती." यावर निर्माते रागवायचे नाहीत, हसायचेही नाहीत. अगदी गंभीरपणे सांगायचे, "तशी सोय नसते."

पुढे आम्ही अंबडला गेलो, औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये. शेजारच्या कारखान्यातलं प्रेस मशिन दिवसभर असं आदळायचं की पाहुण्याने कुठलंही विधान केलं तरी त्याला ठाम दुजोरा मिळायचा. म्हणून चित्रीकरण शनिवारी, वसाहतीच्या सुट्टीच्या दिवशी, आणि दुपारपर्यंत भाग तयार करून द्यायचा. तिथली शांतता निर्मात्यांना मानवली नाही. मशिन बंद आहे म्हणजे ते आता केव्हाही सुरू होईल, या धास्तीत ते भिंतीला कान लावून उभे राहत. इतर दिवशी ते वार्ताहरांना फोन करत. "घडलं का काही?" काही घडलं नसेल तर भाग कसा भरणार ही चिंता. खूप घडलं असेल तर ते मावणार कसं ही चिंता. नेमकं आवश्यक तेवढंच घडलं, असा आठवडा नाशिक जिल्ह्यात एकदा येऊन गेला. तेव्हा ते म्हणाले, "मला हे बरं लक्षण वाटत नाही."

या सगळ्या राखीव गोष्टींच्या मुळाशी एक खरी राखीव गोष्ट होती. कुठलाही बातम्यांचा कार्यक्रम अशी एखादी चित्रफीत हाताशी ठेवतो. पाहुणा आला नाही, गोष्ट फसली, तर ती लावायची. ती शिळी होऊन चालत नाही, म्हणून तिच्यात सण नको, पाऊस नको, मंत्री नको. आमची राखीव चित्रफीत हरसूलच्या आठवडे बाजारातली होती. आम्ही तिथे गेलो होतो रस्त्याची बातमी करायला. ज्या इंजिनियरची मुलाखत घ्यायची ते त्याच रस्त्यामुळे पोहोचू शकले नाहीत. रिकाम्या हाताने परत जायचं या कल्पनेने निर्मात्यांना घाम फुटला. तेवढ्यात कॅमेरामनला टोपल्या आणि सुपं घेऊन बसलेल्या जनीबाई दिसल्या.

जनीबाई तेव्हाच म्हाताऱ्या होत्या. त्या बांबूच्या कामट्या मांडीवर घेऊन टोपली विणत होत्या. कॅमेरामनने नेहमीच्या सवयीने चेहऱ्याचं जवळून दृश्य घ्यायला कॅमेरा पुढे नेला. त्यांनी मान वर केली.

"अय पोरा, तोंड काय काढतोस माझं? हात काढ, हात. मी काय तोंडानं टोपली विनते का?"

कॅमेरा खाली आला आणि हातांवर थांबला. पुढचा सगळा वेळ त्या बोलत राहिल्या, बांबूशी, शेजारच्या सुकटवालीशी, कॅमेरामनशी. "हे बघ, हिथं चुकला का वर नीट येत नाय. वर चुकला तं चालतंय, खाली नाय चालत." मधेच गिऱ्हाईक आलं, त्याला त्यांनी टोपली उलटी करून तिच्यावर उभं राहून दाखवलं. आमच्या कार्यक्रमाने केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं. निर्मात्यांनाही ते माहीत होतं. त्यांनी फक्त टोपलीचा भाव सांगितलेला भाग काढून टाकला, कारण भाव बदलतो. "टोपली कुठल्याही आठवड्यात टोपलीच असते," ते म्हणाले, आणि अत्यंत समाधानाने ती फीत राखीव ठेवली. इतकी चांगली गोष्ट हाताशी आहे म्हटल्यावर त्यांचा जीव इतका भांड्यात पडला की ती वापरण्याचा प्रश्नच उरला नाही.

यानंतरच्या रविवारी निर्मात्यांचा दुसरा फोन वाजला. पहिला तपासणीत गुंतलेला असणार. जनीबाई नातवाच्या फोनवरून बोलत होत्या. आमची वाहिनी हरसूलला दिसत नसे. त्यांची लेक अंबडला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला होती आणि भाड्याच्या खोलीत राहायची. तिच्या टीव्हीवर आमचा कार्यक्रम यायचा. लेकीने सकाळी पाहिलं, आई काही दिसली नाही.

"साहेब, माझं कवा दावता?"

निर्माते गडबडले. खोटं बोलायची त्यांना भीती वाटायची. "तुमचं ना, तुमचं राखीव ठेवलंय."

अतिशय समाधानाने उत्तर आलं, "राखीव? असं होय. मंग बरं."

शब्द तोच होता, अर्थ वेगळा. जनीबाई त्याच साली ग्रामपंचायतीत निवडून आल्या होत्या, बायकांसाठी राखीव असलेल्या जागेवर. राखीव म्हणजे आपली. तिथे दुसरं कुणी उभं राहू शकत नाही. त्यांनी पाड्यावर सगळ्यांना सांगितलं की टीव्हीतही आपली जागा राखीव आहे. हे आम्हाला कॅमेरामनकडून कळलं, तो तिकडे दुसऱ्या कामाला गेला होता. निर्मात्यांचा चेहरा उतरला. आता त्यांना काळ्या पडद्याखेरीज दुसरी एक भीती मिळाली: एक दिवस या बाईंना आपल्या शब्दाचा खरा अर्थ कळेल.

दर बाजाराच्या दिवशी तो दुसरा फोन वाजू लागला. त्या फोनवर दुसऱ्या कुणाचाच फोन येत नसे. संभाषण ठरलेलं होतं.

"साहेब, माझी जागा हाय ना?"

"आहे, आहे."

"कोनी बसलं नाय ना?"

"नाही, नाही. राखीव आहे."

"मंग बरं."

फोन ठेवल्यावर निर्माते थोडा वेळ दोन्ही चष्मे पुसत बसायचे. मी एकदा म्हटलं, "सर, दाखवून टाकू या की एका रविवारी, फेरफटक्यात." ते दचकले. "आणि पुढच्या रविवारी काही कमी पडलं तर?" वास्तविक अनेकदा कमी पडलं. एकदा पाहुणा आणि राखीव पाहुणा एकाच लग्नाला गेले होते. निर्मात्यांनी तेव्हाही फितीला हात लावला नाही. निवेदिकेकडून हवामान दोनदा वाचून घेतलं आणि शेवटचं नदीचं दृश्य लांबवलं. ते इतकं लांबलं की कॅमेरामन म्हणाला, "सर, आता पैठण आलं असेल." फितीच्या मात्र प्रती वाढत गेल्या. टेपवरून सीडीवर, सीडीवरून हार्ड डिस्कवर. एक प्रत घरच्या गोदरेजच्या कपाटात, एक पंचवटीत मेव्हण्याकडे. अशी सात-आठ वर्षं गेली. जनीबाईंची ग्रामपंचायतीतली मुदत संपली, टीव्हीतली चालू राहिली.

मग वाहिनीवर नवे व्यवस्थापक आले. वयाने तरुण, बोलायला गोड. त्यांनी निर्मात्यांना बसायला सांगून स्वतः उभ्यानेच सांगितलं की 'आठवडाभर' बंद करावं लागेल. "सर, आता लोक अर्धा तास कुणालाच देत नाहीत. बायकोला देत नाहीत, आपल्याला कुठून देणार? आता मोबाईलवर, मिनिटाच्या आत." शेवटचा भाग मात्र थाटात करायचा होता. जुनी दृश्यं, शुभेच्छा आणि वेताच्या खुर्चीत पाहुणे म्हणून खुद्द निर्माते, कार्यक्रमाचा इतिहास सांगायला. "वीस वर्षं पडद्यामागे होतात सर. एकदा तरी पुढे या."

निर्मात्यांनी मान हलवली. बाहेर आल्यावर ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "जनीबाईंचं काय?"

मी हिशेब सांगितला. शेवटचा भाग काठोकाठ भरलेला होता. कमी पडायचा प्रश्न नव्हता, त्यामुळे राखीव लागायचाही नव्हता. आणि त्यानंतर रविवारच नव्हता. ते भिंतीला टेकून उभे राहिले. सुट्टीचा दिवस नसल्यामुळे शेजारी मशिन आदळत होतं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. "फोनवर नाही सांगता येणार," ते म्हणाले. "जाऊन सांगायला पाहिजे."

बाजाराच्या दिवशी आम्ही हरसूलला निघालो. गाडी मी चालवत होतो आणि मला काही झालं तर म्हणून निर्माते राखीव चालक होते. त्र्यंबकच्या पुढे घाट लागल्यावर ते जनीबाईंना काय सांगायचं याची उजळणी करू लागले. एक वाक्य म्हणायचे आणि लगेच त्याला पर्याय म्हणून दुसरं. पोहोचेपर्यंत त्यांच्याकडे इतकी वाक्यं जमली होती की त्यातलं एकही कामाला आलं नाही.

जनीबाई निळ्या ताडपत्रीखाली होत्या, त्याच जागी. हात तसेच चालत होते, जरा सावकाश.

"आले का साहेब! बसा. टोपलीवर नका, हिकडं बसा."

निर्माते उभेच राहिले. "जनीबाई, तुमच्या जागेबद्दल बोलायचं होतं."

"कोन बसलं?"

"कोणी नाही बसलं. कार्यक्रमच बंद होतोय. येत्या रविवारी शेवटचा."

"म्हंजे गावच उठलं म्हना की." त्यांनी कामटी दातात धरून ओढली. "मंग माझ्या जागेचं?"

आमच्या निर्मात्यांनी तेव्हा जे केलं ते मी त्यांना कधीच करताना पाहिलं नव्हतं. त्यांनी पर्यायाशिवाय एकच वाक्य उच्चारलं. "जनीबाई, आमच्यात राखीव म्हणजे, बाकीचं काही कमी पडलं तरच लावायचं ते. आणि आमचं कमी पडू दिलं नाही मी."

जनीबाईंनी विणणं थांबवलं. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. त्या शेजारच्या सुकटवालीकडे पाहून हसल्या.

"आगं बाय, ऐकलं का, साहेब मला राखीव शिकवायला आले." मग निर्मात्यांकडे वळल्या. "मला पहिल्याच वर्साला कळलं ते. पाच वर्सं मेंबर व्हते मी. राखीव जागा माझी. खुर्चीत बसं दुसराच कोनीतरी. मला म्हनं, या मावशी, बसा, आन् सवता उठं नाय. मी दारात उभी. राखीव जागेचं असंच असतंय साहेब. बसलेला उठल्याबिगर आपली नाय होत."

"मग तुम्ही दर आठवड्याला फोन..."

"इचारलं नाय तं जागा हाय हेबी इसरतील लोकं. म्हनून करायची." त्यांनी पुन्हा टोपली हातात घेतली. "आता तुमीच सांगा. दावायचं तं दावा. नाय तं म्हना, जनीबाई, जागाबिगा काय नाय, घरी बस. माझं एक ऱ्हाउ द्या, लेक दर रविवारी टीवीम्होरं बसती माझी. कामाला उशीर व्हतो तिला. तिला तरी मोकळी करा."

निर्मात्यांनी टोपल्या घ्यायला सुरुवात केली, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचेना. एक घेतली, मग आणखी एक.

"दोन कशापायी?" जनीबाईंनी विचारलं.

"एक राख..." ते थांबले. जनीबाईच नव्हे, सुकटवालीसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

परतीच्या वाटेवर निर्माते टोपल्या मांडीवर धरून बसले होते. घाट उतरल्यावर त्यांनी विचारलं, "पाहुण्याचा भाग किती लांबीचा असतो हो?"

"फेरफटक्याएवढाच, सर."

"आणि जनीबाई?"

"तेवढ्याच."

"हं," ते म्हणाले, आणि गाडीचं चौथं चाक आवाज करतंय का ते ऐकायला लागले.

शनिवारी अंबडला सगळे वेळेवर आले, निर्माते सोडून. हे वाक्य लिहिताना मला आजही चुकल्यासारखं वाटतं. निवेदिकेने घडामोडी वाचल्या, जुनी दृश्यं झाली, शुभेच्छा झाल्या. वेताच्या खुर्चीवर फुलांचा गुच्छ ठेवला होता, खुर्ची रिकामी होती. नवे व्यवस्थापक घड्याळ बघत होते. निर्मात्यांचा पहिला फोन बंद. कॅमेरामन म्हणाला, "घाबरले. कॅमेऱ्याला घाबरून पळाले." तसं असेल तर त्याची सोय म्हणून राखीव पाहुणा असणारच, म्हणून मी बाजूच्या खोलीत गेलो. चहाची किटली होती, वर्तमानपत्र होतं, माणूस नव्हता. एवढ्या वर्षांत ती खोली मी प्रथमच रिकामी पाहत होतो. तिथेच मला थोडंसं समजलं. बाहेर व्यवस्थापक म्हणत होते, "ठीक आहे, माझ्याकडे आपल्या नव्या व्हिडिओंची झलक आहे. पाहुण्याच्या जागी ती लावून टाकू." त्यांनी पेन ड्राइव्ह काढलासुद्धा.

मी निर्मात्यांचा दुसरा फोन लावला. तो त्यांनी पहिल्याच रिंगला उचलला. मागे रस्त्याचा आवाज येत होता, चहाच्या टपरीवरचा असावा.

"सर, पाहुणे आले नाहीत."

"कोण होते पाहुणे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही, सर."

"राखीव पाहुणा?"

"ठेवलेला नाही."

"नदी लांबवून भागेल?"

"नाही. खूपच लांबवावी लागेल."

"म्हणजे कमी पडलं," निर्माते म्हणाले. एक मोठा श्वास ऐकू आला. "मग नियमाप्रमाणे काय ते करा."

मी फोन धरूनच ओरडलो, "राखीव लावा!" कॅमेरामन उडी मारून उठला. ती फीत कुठे आहे हे शोधावं लागलं नाही, ती तिथे तीन ठिकाणी होती. व्यवस्थापकांनी पेन ड्राइव्ह पुढे केला, पण वीस वर्षांत कुणी न ऐकलेला तो हुकूम ऐकून सगळे इतक्या वेगाने कामाला लागले की तो घ्यायला कुणाचा हात मोकळा नव्हता. निवेदिका माझ्याकडे बघत होती. तिला ओळख करून द्यायला वाक्य हवं होतं आणि मी काही लिहिलेलं नव्हतं.

"सर, निवेदिकेने काय म्हणायचं? राखीव म्हणायचं?"

"नको, नको." ट्रकचा हॉर्न गेला. "म्हणा, ही जागा हरसूलच्या जनीबाईंची आहे. इतकी वर्षं आम्हीच तिच्यावर बसलो होतो."

निवेदिकेने तेवढंच म्हटलं. मग पडद्यावर बाजार आला, आणि कॅमेरा चेहऱ्याकडे जाताजाता दटावणी खाऊन हातांवर उतरला. व्यवस्थापकही पेन ड्राइव्ह हातात धरून बघत राहिले. टोपलीवर उभं राहून दाखवलं तेव्हा ते हसले.

रविवारी जनीबाई लेकीच्या खोलीवर आल्या होत्या. कार्यक्रम संपताच निर्मात्यांचा दुसरा फोन वाजला. त्यांनी मला हे नंतर सांगितलं. जनीबाई म्हणाल्या, "दिसले बा मी. आवाज लय मोठा हाय माझा." मग लेक फोनवर आली, आई दिसली, आई दिसली, असं दोनदा म्हणाली. मग पुन्हा जनीबाई. "साहेब, तुमी नाय दिसले? लेक म्हनती, जाहिरातीत सांगितलं व्हतं, साहेब येनार आज."

"मी उठलो," निर्माते म्हणाले.

"मंग बरं," जनीबाई म्हणाल्या.

परवा मी पंचवटीत भाजी घ्यायला गेलो होतो. आमच्या जुन्या माडीखाली, चहाच्या दुकानात निर्माते बसलेले दिसले. बाजूला दोन छत्र्या, खिशात दोन चष्मे. समोरच्या टेबलावर एकच फोन होता, दुसरा. पहिला त्यांनी बंद करून टाकला आहे, आता त्यांना तसं कुणी शोधत नाही. मीही बसलो. मोबाईलवर मिनिटाच्या आत काय काय मावतं याबद्दल बोललो. त्यांचं बोलण्यात लक्ष नव्हतं, ते फोनची बॅटरी बघत होते.

"आज हरसूलचा बाजार ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अजून आला नाही."

मी म्हटलं, येईल. त्यांनी मान हलवली. वहिनींकडून मला कळलं होतं की कार्यक्रम बंद झाल्यावरही जनीबाईंचा फोन येतो. आता जागेबद्दल काही विचारायचं उरलेलं नाही. बरं हाय ना, एवढंच विचारतात. आणि बाजाराच्या दिवशी हे सकाळपासून कुठे जात नाहीत. जनीबाईंचं वय झालं आहे. ज्या माणसाने जन्मभर एकाच्या मागे दुसरं उभं केलं, त्याच्याकडे या एका फोनच्या मागे उभं करायला काही नव्हतं, आणि ते त्याला पुरेपूर माहीत होतं. आम्ही चहा संपवला. उठावं लागू नये म्हणून आणखी एक मागवला. टोमॅटोवाला ओरडत होता, देवळात घंटा वाजत होती. त्या दोहोंच्या मधल्या शांततेत फोन वाजला.

निर्मात्यांनी तो लगेच उचलला नाही. हात फोनवर ठेवून बसून राहिले.

"सर, घ्या ना. बंद होईल."

"थांबा हो जरा," ते म्हणाले. "वाजतोय."